मदत हवी आहे: फाइल बदलली, रीलोडही केले, तरी पायथन जुनाच कोड चालवतो

नमस्कार.

गेले तीन दिवस एका दोषाने मला अक्षरशः हात टेकायला लावले आहेत, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी आयपायथनचे (पायथनचा कोड ओळीओळीने चालवून पाहण्याच्या साधनाचे) एकच सेशन दिवसभर उघडे ठेवून काम करतो. माझा मुख्य प्रोग्राम 'सूत्र' नावाची छोटी मॉड्यूल फाइल स्वतः लिहितो. त्या फाइलमध्ये एक गुणांक वापरणारे एकच फंक्शन असते. मग इम्पोर्टलिबमधील रीलोडने ते मॉड्यूल पुन्हा वाचले जाते, फंक्शनचे उत्तर प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून चूक नोंदवली जाते आणि प्रोग्राम पुढच्या गुणांकाकडे वळतो. गुणांक ०.१० पासून ०.१९ पर्यंत दहा आहेत आणि दहाही फेऱ्यांना मिळून एक सेकंदसुद्धा लागत नाही. दहा वेगवेगळी उत्तरे यायला हवीत, पण ०.१० ते ०.१६ या सात ओळींत शेवटच्या दशांशापर्यंत एकच उत्तर आले, ०.१७ ला ते बदलले आणि ०.१८ व ०.१९ ला पुन्हा ०.१७ चेच राहिले. तोच प्रोग्राम पुन्हा चालवल्यावर हा बदल ०.१३ ला झाला.

फाइल उघडून पाहिली तर तिच्यात ०.१९ आहे. इन्स्पेक्ट मॉड्यूलच्या गेटसोर्सने फंक्शनचा मजकूर मागवला, तर तोही ०.१९ दाखवतो, आणि तेच फंक्शन त्याच क्षणी चालवले तर उत्तर ०.१७ चे येते. सर्वांत चक्रावून टाकणारी बाब अशी की सेशन पूर्ण बंद करून नवे उघडले तरीही ०.१७ च मिळते. पायथन आपोआप तयार करतो ते पायकॅश फोल्डर पुसले की एकदा बरोबर उत्तर येते, पण पुढच्या वेळी पहिले पाढे पंचावन्न. डीबगरमध्ये एकेक पायरी पुढे सरकत गेलो तर दोष दिसतच नाही. प्रत्येक फेरीनंतर एक सेकंदाचा थांबा घातला तर तो नाहीसा होतो, आणि अर्ध्या सेकंदाचा घातला तर कमी होतो पण जात नाही. थांबा घालून काम भागेल हे कळते, तरी कारण समजल्याशिवाय पुढच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

दुसरी तक्रार बहुधा याच दोषाची असावी. 'नमुना' हा क्लास असलेले मॉड्यूल रीलोड केले की आधी तयार केलेल्या ऑब्जेक्टसाठी इझइन्स्टन्स (ऑब्जेक्ट त्या क्लासचा आहे का ते तपासणारे फंक्शन) 'फॉल्स' सांगतो, मात्र टाइप छापून पाहिला तर नाव तंतोतंत तेच दिसते.

प्रतिसाद १

आपल्या दोन्ही तक्रारींचा एकमेकींशी संबंध नसावा. दुसरीचे उत्तर सोपे आहे. रीलोड म्हणजे मॉड्यूलचा मजकूर त्याच नामावलीत पुन्हा चालवणे, त्यामुळे 'नमुना' नावाचा नवा क्लास तयार होतो, पण जुने ऑब्जेक्ट जुन्याच क्लासला धरून राहतात. नाव एक असले तरी क्लास दोन आहेत, आणि दोन्हींचे आयडी छापल्यास ते वेगळे दिसतील. याच कारणाने 'फ्रॉम' वापरून आणलेले फंक्शन रीलोडनंतरही जुनेच राहते, आणि फाइलमधून काढून टाकलेले फंक्शन मॉड्यूलमध्ये तसेच जिवंत सापडते. बदललेली मॉड्यूल आपोआप रीलोड करणारे आयपायथनचे ऑटोरीलोड यातले बरेच काही सावरून घेण्याचा प्रयत्न करते, पण क्लासची रचना बदलली असेल तर मी सरळ ऑब्जेक्ट नव्याने तयार करतो.

नव्या सेशनमध्येही जुने उत्तर येते, हे मात्र यात बसत नाही, कारण तिथे मेमरी कोरी असते.

प्रतिसाद २

वरील शेवटचे वाक्यच या कोड्याची किल्ली आहे. नव्या प्रोसेसमध्येही शिळा कोड येत असेल, तर तो डिस्कवरून येतो, म्हणजेच पायकॅशमधील पीवायसी फाइलमधून.

पायथन ३.२ पासून कंपाइल केलेला बाइटकोड, म्हणजे मजकुराचे पायथनला थेट चालवता येणारे रूप, या फोल्डरात ठेवला जातो. पीवायसी फाइलच्या सुरुवातीच्या भागात मूळ फाइल शेवटची बदलल्याची वेळ आणि तिचा बाइटमधील आकार नोंदलेला असतो, आणि या दोन्ही नोंदी जुळल्या की पायथन मजकूर न वाचता साठवलेला बाइटकोड उचलतो. ही वेळ पूर्ण सेकंदांत नोंदली जाते, फाइल सिस्टिम कितीही सूक्ष्म वेळ सांगत असली तरी. आकाराची नोंद ३.३ मध्ये आली ती अशा चुका कमी व्हाव्यात म्हणून, पण आपल्या बाबतीत ०.१० आणि ०.१६ यांची लांबी सारखीच असल्याने तिचाही उपयोग होत नाही. त्याच सेकंदात, तेवढ्याच आकाराची फाइल लिहिली गेली की पायथनच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. आपल्या तक्त्यात ०.१७ ला घड्याळाचा सेकंद उलटला, एवढाच त्या बदलाचा अर्थ. एक गुणांक ०.१०५ असा लिहून पाहा, थांबा न घालताही ती ओळ बरोबर येईल.

गेटसोर्सने आपली दिशाभूल केली, कारण ते चालू असलेला कोड दाखवत नाही, डिस्कवरील फाइलमधल्या ओळी वाचून दाखवते. त्रुटीच्या ट्रेसबॅकचेही तसेच आहे, म्हणून कधीकधी एखाद्या कोऱ्या ओळीवर त्रुटी आल्याचे दिसते. प्रत्यक्षात काय चालले आहे ते बाइटकोड वाचता येईल अशा रूपात दाखवणाऱ्या डिस मॉड्यूलने पाहावे.

उपाय म्हणून पायकॅश एकदा पुसून, सिस मॉड्यूलमधील 'डोंट राइट बाइटकोड' हा ध्वज पहिल्या इम्पोर्टच्या आधी 'ट्रू' करावा. आधी पुसणे आवश्यक आहे, कारण हा ध्वज नवी पीवायसी लिहिणे थांबवतो, जुनी वाचणे थांबवत नाही. पीवायसी ठेवायचीच असेल, तर ३.७ पासून वेळेऐवजी मजकुराच्या हॅशवरून (मजकुरावरून काढलेल्या, तो बदलला की बदलणाऱ्या खुणेवरून) पडताळणी करता येते. फाइली आधीच कंपाइल करून ठेवणाऱ्या कंपाइलऑल मॉड्यूलला 'चेक्ड हॅश' हा पर्याय देऊन ती फाइल एकदा कंपाइल केली की पुढे पायथन स्वतःच त्याच प्रकारची पीवायसी लिहीत राहतो. इम्पोर्टलिबचे 'इनव्हॅलिडेट कॅशेस' इथे उपयोगी नाही, कारण ते फोल्डरात कोणत्या फाइली आहेत याच्या नोंदी विसरायला लावते, बाइटकोडच्या नाही.

थोडे परखड लिहितो, राग नसावा. एक आकडा बदलण्यासाठी फाइल लिहून पुन्हा इम्पोर्ट करणे हा द्राविडी प्राणायाम आहे. गुणांक फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून का देत नाही?

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. डिसने पाहिले तेव्हा फाइलमध्ये ०.१९ असताना कोडमधील स्थिर आकडा उचलणाऱ्या 'लोड कॉन्स्ट'च्या ओळीसमोर ०.१७ स्पष्ट दिसले. ०.१०५ चा प्रयोगही आपण सांगितल्याप्रमाणेच झाला. ध्वज लावल्यावर थांबा न घालता प्रोग्राम वीस वेळा चालवला आणि प्रत्येक वेळी दहा वेगळी उत्तरे आली.

परखड सल्ला मान्य आहे. फाइल लिहिण्याचे कारण असे की पुढच्या टप्प्यात केवळ गुणांक नव्हे, सूत्राची रचनाच बदलते. तरीही आता मजकूर फाइलमध्ये न लिहिता थेट कंपाइल आणि एक्झेक या मजकूर तिथेच चालवणाऱ्या फंक्शनांना देणार आहे, म्हणजे पीवायसीचा प्रश्नच येणार नाही. आधीच्या तीन दिवसांचे सर्व तक्ते बाद करून पुन्हा काढायला बसलो आहे.