डेस्टिनीज चाइल्ड या तिघींच्या अमेरिकन पॉप ग्रुपमधल्या मिशेल विल्यम्ससारखं प्रभूच्या गाण्यांकडे वळायचं म्हणतेय मुलगी. काय सांगू?

खालच्या_सुराची_आई (सोलापूर)

मी रेल्वे लाइन्सला राहते. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी, एक पद्मशाली घरातली, एक लिंगायत, तीन वर्षं एकत्र गातात. गॅदरिंग, लग्नाचं संगीत, हळदी, गणपतीत मंडळांचे कार्यक्रम. सराव आमच्या पुढच्या खोलीत. माझी मुलगी खालचा सूर धरते. लोकांचं लक्ष वरच्या सुराकडे असतं, हिचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. पण ती पाणी प्यायला उठली की गाणं एकदम पोकळ होतं, ते मला आत भाकरी थापतानाही कळतं.

नाताळात ती उपासनेत पहिल्यांदा एकटी गायली. घरी येऊन चप्पल काढता काढताच म्हणाली, "आई, मी आता प्रभूचीच गाणी गाणार." तेव्हापासून मोबाईलवर मिशेल विल्यम्स लावून बसते. "तिनं केलं की," म्हणते. मैत्रिणी रडकुंडीला आल्यात. एकीनं दारातच विचारलं, "असं का करूलालीस गं?" आणि इकडे आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे मला म्हणाले, हळदीत गाणारा आवाज उपासनेत नको. फार लागलं मला ते. माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या रात्री उशाशी बसून याच आवाजानं गीतं म्हटली होती.

या बाईंबद्दल नीट माहीत असलेलं कुणी आहे का? दोन्हीकडे गाता येतं का?

पेटीमास्तर

ताई, मुलीला आधी एवढं सांगा की मिशेलनं पॉप एका फटक्यात सोडलं नाही. ती अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या रॉकफोर्डची, चर्चमध्ये गातच मोठी झालेली. २००० मध्ये डेस्टिनीज चाइल्डमध्ये आली. पुढच्याच वर्षी आलेल्या त्यांच्या 'सर्व्हायव्हर' अल्बममध्ये तिघींनी गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तीच्या गाण्यांची एक माळ गायलीय. एप्रिल २००२ मध्ये मिशेलचा स्वतःचा 'हार्ट टू युअर्स' आला, तो पूर्ण गॉस्पेल. ग्रुपमधल्या बाकीच्या दोघी, केली रोलंड आणि बियॉन्से, यांचे स्वतंत्र अल्बम त्यानंतरचे. बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या गॉस्पेल यादीत मिशेलचा तो अल्बम पहिल्या जागेवर गेला. २००४ च्या सुरुवातीला दुसरा गॉस्पेल अल्बम, आणि त्याच वर्षाच्या शेवटी पुन्हा तिघींचा 'डेस्टिनी फुलफिल्ड'. २००८ मध्ये तर नाचायची गाणी केली तिनं. ये-जा चालूच होती.

मला जीव लावून गेलं ते २०१४ चं 'से येस'. नायजेरियातल्या चर्चमध्ये म्हणतात त्या गीतावरून केलेलं. ग्रुप बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, तरी बियॉन्से आणि केली तिच्यासाठी गायला आल्या. प्रभूच्या गाण्यानं तिघींना परत एकत्र आणलं, तोडलं नाही. मैत्रिणींना हेच ऐकवा. त्या दोघी नाताळात साथीला उभ्या राहणार असतील तर पेटी माझी.

होटगी_रोड

एक गोष्ट मीही सांगते, कारण मी त्यातून गेलेय. मिशेलला किशोरवयापासून नैराश्य होतं. २०१८ मध्ये तिनं उपचार घेत असल्याचं उघड सांगितलं, २०२१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. इतकी वर्षं देवाची गाणी गाणारी बाई! मला त्या दिवसांत सगळे म्हणायचे, प्रार्थना वाढव. मी प्रार्थनाही केली आणि गोळ्याही घेतल्या, म्हणून आज तुमच्याशी बोलतेय. गीतं गायला लागली म्हणजे पोर आता कायम आनंदात असणार, असं धरून चालू नका. अधूनमधून विचारत जा तिला.

जुने_पुस्तक

त्या वडीलधाऱ्यांना 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक उघडायला सांगा. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. अभंग, भजन, कीर्तन ही आपल्या मातीतली रीत त्यांनी मंडळीत रुजवली. आधी ती कुठं वाजत होती? बाहेरच ना! आपण आजही टाळ घेऊन म्हणतोच की.

खालच्या_सुराची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. होटगी रोडच्या ताई, तुमचं तर दोनदा वाचलं. रात्री तिच्या शेजारी बसून विचारलं. "बरी आहे गं आई," म्हणाली, पण मग तासभर बोलत राहिली.

काल तिघींना 'से येस' लावून दिलं. आधी कुणी बोलेना. मग ती पद्मशाली मुलगी म्हणाली, "आज खालचा मी धरते, तू वर जा." तीनदा घसरली. चौथ्यांदा माझ्या मुलीनं तिचा हात धरून मांडीवर ताल दिला आणि बसलं. माझी भाकरी तव्यावर करपली.

लग्नसराईच्या दोन सुपाऱ्या घेतल्यात, त्या तिघी मिळून पुऱ्या करणार. नाताळचं दोघींनी कबूल केलंय, घरच्यांना त्या विचारतीलच. मास्तर, माझ्या मुलीला पेटीची काळी तीन पट्टी सोयीची पडते, त्या दोघींना पांढरी पाच. यातली कुठली धरायची?