मदत हवी आहे: दोदोल घट्टच होत नाहीये

मंडळी, नाताळ तोंडावर आलाय आणि आमच्या दोदोलच्या (गोव्याकडची नाताळची गूळ-नारळाची मिठाई) वड्या काही पडत नाहीयेत. दरवर्षी दिवाळीला आमच्याकडून फराळ जातो आणि नाताळला शेजारच्या आंटीकडून कुस्वार (नाताळचा फराळ) येतं, यंदा तिचा हात प्लास्टरमध्ये म्हणून दोदोल आमच्या गळ्यात (नेवऱ्या जमल्या, त्या काय आपल्या करंज्याच). प्रमाण तिनेच सांगितलं, पाव किलो तांदळाचं पीठ, अर्धा किलो माडाचा काळा गूळ, तोही म्हापशाच्या बाजारातला, तीन नारळांचा रस (दूध) आणि काजू. जाड बुडाच्या कढईत मंद गॅसवर तेल सुटेपर्यंत ढवळलं, ताटात ओतून रात्रभर ठेवलं, तरी सुरीला चिकटून वर येतं. परत आटवलं तर जरा आवळलं पण खाली लागायला लागलं म्हणून थांबलो. फ्रीजमध्ये कापता येतं, बाहेर काढलं की परत सैल, आणि ताटं तर घरोघरी वाटायची आहेत. चव मस्त आहे त्यामुळे टाकून नवीन करा असं सांगू नका. आंटी म्हणते अजून आटव, सासूबाई म्हणतात पीठ कमी पडलंय. आता थोडं पीठ रसात कालवून घातलं तर कच्चं लागेल का, की नुसतं आटवतच राहू, आणि झालं हे नेमकं कशावरून ओळखायचं?