एरर जशीच्या तशी द्या

ऑनलाइन फोरमवर 'प्रोग्राम चालत नाही, मदत करा' असं लिहिलं तर कोणी उत्तर देत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण सांगणाऱ्याच्या हाती काहीतरी लागायला हवं ना! स्क्रीनचा फोटो नको, कोड आणि एरर (प्रोग्राम अडला की दिसणारा, चूक सांगणारा संदेश) मजकूर म्हणूनच चिकटवा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या एररमधली शेवटची ओळ तर अजिबात गाळू नका. पायथनची आवृत्तीही सांगा. पायथन २ मध्ये 'इनपुट'ला (वापरणाऱ्याकडून माहिती घेणाऱ्या आज्ञेला) ५ दिलं की संख्या मिळायची, ३ मध्ये मजकूर मिळतो. म्हणून तिथे ५ आणि ३ नुसते एकापुढे एक जोडले जातात आणि बेरीज ५३ येते. (हा प्रश्न प्रत्येक नवशिक्याला पडतो, विचारायला लाजू नका.) कोड मोठा असेल तर चूक टिकून राहील एवढ्याच ओळी ठेवा. ही छाटणी करतानाच बरेचदा घोळ सापडतो.