जुने थ्री-फेज टेबल सॉ घरच्या वर्कशॉपसाठी घ्यावे का?

गोदाकाठ

नमस्कार. इंदिरानगरला घराच्या मागे पत्र्याची शेड आहे आणि तिथे हौसेपुरते सुतारकाम सुरू करण्याचा विचार आहे. जुन्या नाशकातला एक वाडा उतरवला, तेव्हा निघालेल्या सागवानी तुळया आणि कडीपाटाच्या फळ्या नात्यातून माझ्याकडे आल्या आहेत. त्या हातकरवतीने उभ्या चिरणे मला जमणारे नाही, म्हणून टेबल सॉ, म्हणजे टेबलाच्या खाचेतून गोल पाते वर येणारे करवतीचे मशीन, शोधत आहे.

अंबडला पॅकिंगच्या पेट्या बनवणारे एक युनिट बंद झाले असून तिथले मशीन विक्रीला आहे. टेबल बिडाचे आहे, साधारण तीन फूट बाय दोन फूट. पाते बसते तो शाफ्ट जागेवर पक्का आहे आणि हँडल फिरवले की टेबलच वर-खाली होते. पाते १२ इंची. मोटर २ एचपी, ४१५ व्होल्ट, थ्री-फेज, पाटीवर १४४० आरपीएम. टेबलावर गंज आहे, गाइड (लाकूड ज्याला टेकवून सरळ सरकवतात ती आडपट्टी) गहाळ आहे, पात्यावर झाकण नाही, आणि शाफ्ट हाताने फिरवला की घरघर ऐकू येते. विक्रेता २२ हजार सांगतो. हे घेऊन दुरुस्त करावे, की आणखी थोडे पैसे घालून ॲल्युमिनियम टेबलचे हलके नवे मशीन घ्यावे? घरात वीज सिंगल-फेज आहे, हेही लक्षात घ्यावे.

निवृत्त फिटर, सातपूर

जुन्या मशीनची किंमत टेबल आणि शाफ्ट या दोनच गोष्टींवर ठरवावी. मोटर, बेअरिंग, पट्टा, पुली, गाइड हे सगळे बाजारात मिळते. सरळ आणि न तडकलेले बिडाचे टेबल सहजासहजी मिळत नाही. तेव्हा पाहायला जाताना दोन-अडीच फुटांची खात्रीची स्टील पट्टी, फीलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्या) आणि जमल्यास चुंबकी स्टँडसह डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे माप) बरोबर न्यावे.

टेबल आधी खालच्या बाजूने पाहावे. बीड तडकते ते बहुधा बोल्टच्या छिद्रांपाशी आणि खालच्या बरगड्यांच्या सांध्यात, आणि वरून रंग मारलेला असला की भेग डोळ्यांना दिसत नाही. लहान हातोडीने ठिकठिकाणी हलके ठोकून पाहावे. धड बीड खणखणीत वाजते, भेगाळलेले बद्द. वेल्डिंग करून सांधलेले टेबल निम्म्या किमतीतही घेऊ नये, कारण बिडाला वेल्डिंगची उष्णता सोसत नाही आणि सांध्याच्या शेजारीच नवी भेग सुटते. पट्टी दोन्ही कर्णांवर आणि पात्याच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना ठेवून खालून फीलर घालावा.

घरघरीची चिंता करू नये, बेअरिंग बदलता येते. मात्र बेअरिंग काढल्यावर शाफ्टची ती जागा नीट न्याहाळावी. बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवरच घसरत राहिली असेल, तर तिथे चकचकीत किंवा निळसर पट्टा दिसतो आणि नवे बेअरिंग हातानेच सरकन बसते. तसे असेल तर पंच मारून किंवा गोंद लावून भागवू नये. सातपूर-अंबडमध्ये लेथवर काम करून देणारी दुकाने आहेत, त्यांच्याकडून ईएन ८ या पोलादाचा नवा शाफ्ट करून घ्यावा. २५ मि.मी. शाफ्टला ६२०५ बेअरिंग बसते (आतून २५, बाहेरून ५२, रुंदी १५ मि.मी.). घेताना ६२०५-२आरएस, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले मागावे. पत्र्याच्या झाकणाच्या झेडझेड बेअरिंगमध्ये बारीक भुसा हळूहळू शिरतोच.

नव्या बेअरिंगवर शाफ्ट बसवल्यानंतर पाते टेकते त्या फ्लँजला (शाफ्टवरच्या चकतीला) डायल गेज लावून शाफ्ट सावकाश फिरवावा. काटा दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत हलला तर उत्तम. फ्लँजपाशी किंचित दिसणारी डोल पात्याच्या काठाशी कितीतरी पटींनी वाढते, म्हणून इथे दहावा भाग मिलिमीटर ‘चालतो’ म्हणणाऱ्याचे ऐकू नये.

नव्या मशीनच्या प्रश्नावर माझे मत सरळ आहे. जड तुळई टेबलावर ठेवली की हलके मशीनच सरकू लागते. तुमच्या लाकडासाठी बीडच हवे.

वायरमन, सिडको

विजेबाबत लिहितो. दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मोटर तीच ठेवून व्हीएफडी, म्हणजे मोटरला हवी तशी वीज बनवून देणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, बसवण्याचा. सिंगल-फेज घेणारा साधा व्हीएफडी थ्री-फेज देतो खरा, पण २३० व्होल्टचाच. तुमची मोटर ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेली असेल (स्टार आणि डेल्टा या मोटरमधल्या तीन गुंडाळ्या जोडण्याच्या दोन पद्धती) आणि डब्यात सहाही टोके बाहेर काढलेली असतील, तर टोके जोडणाऱ्या पट्ट्या बदलून ती डेल्टामध्ये जोडता येते आणि २३० व्होल्टवर पूर्ण ताकदीने चालते. लहान मोटरमध्ये पुष्कळदा स्टारचा सांधा आतच बांधलेला असतो आणि बाहेर तीनच टोके येतात. तेव्हा रिवाइंडिंगवाल्याकडे मोटर उघडावी लागेल. म्हणून सौदा करण्यापूर्वी टर्मिनलचा डबा उघडून टोके मोजावीत.

दुसरा मार्ग सिंगल-फेज २ एचपी मोटर घेण्याचा. ती पूर्ण बंद, मागे पंखा असलेल्या प्रकारचीच घ्यावी. उघड्या मोटरमध्ये भुसा शिरतो आणि आतला सेंट्रिफ्युगल स्विच अडकतो. मग मोटर नुसती हुंकारते, सुरू होत नाही. शाफ्टचा व्यास जुन्या मोटरशी जुळेलच असे नाही, त्यामुळे पुली पुन्हा बोअर करावी लागू शकते. सहा टोके बाहेर असतील तर मी व्हीएफडी निवडेन, नाहीतर सरळ नवी मोटर.

कोणताही मार्ग घेतला तरी बोर्डापासून स्वतंत्र २.५ चौ. मि.मी. तांब्याची वायर, सी प्रकारचा (सुरू होतानाचा झटका सोसणारा) एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग हवे. सिंगल-फेज २ एचपी मोटर पूर्ण भारावर दहा-बारा अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे घरातल्या साध्या प्लगवर ती लावू नये.

साधा खटक्याचा स्विच तर मुळीच नको. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते-येते, हे सांगायला नको. वीज गेली, आपण पात्यापाशी अडकलेला तुकडा काढायला हात घातला आणि वीज परत आली, तर खटक्याचा स्विच मशीन आपोआप सुरू करतो. नो-व्होल्ट कॉइल असलेला डीओएल स्टार्टर (हिरव्या-लाल बटणांचा मोटर स्टार्टर) वीज गेली की सुटतो आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन हलत नाही. व्हीएफडी असेल तर वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करावी, आणि व्हीएफडी व मोटर यांच्यामध्ये स्टार्टर बसवू नये.

थ्री-फेजवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. दोन फेजची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते. पात्याच्या नटाचे आटे असे असतात की योग्य दिशेने मशीन सुरू होताना नट आवळला जावा. उलट्या दिशेने तो सैल होऊ शकतो. पहिली चाचणी पाते न लावताच घ्यावी.

रंधा-पटाशी, पंचवटी

वर दोघांनी मशीनचे सांगितले, मी लाकडाचे सांगतो, कारण आमच्या दुकानात वाड्यांचे सागवान नेहमी येते. त्यात खिळे असतात, आणि जुने घडीव खिळे डोके तुटून आत गेलेले असतात. वरून फक्त काळा डाग दिसतो. प्रत्येक तुळई तारेच्या ब्रशने घासून घ्यावी आणि मग तिच्यावरून जोरदार चुंबक किंवा हातातले मेटल डिटेक्टर फिरवावे. सागात मुळातच सिलिका असते, त्यामुळे साध्या पोलादी पात्याची धार लवकर जाते. टीसीटी, म्हणजे दातांना कार्बाइडची टोके असलेले पातेच घ्यावे, आणि उभे चिरण्यासाठी २४ दातांच्या आसपासचे. जास्त दातांचे पाते उभ्या चिरकामात लाकूड जाळते.

१२ इंचांऐवजी १० इंची पाते लावावे असे मी सुचवेन. कापाची खोली इंचभर कमी होईल, पण २ एचपीला सुकलेला साग झेपेल. मोटरवर ६ इंची आणि शाफ्टवर ३ इंची पुली असेल तर शाफ्ट २८८० फेरे घेतो, म्हणजे १० इंची पात्याचा दात सेकंदाला सुमारे ३८ मीटर धावतो. ते पुरते. पात्यावर कमाल आरपीएम कोरलेले असते, ते ओलांडू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचे. या मशीनला पात्यामागची पट्टी, म्हणजे रायव्हिंग नाइफ, नसणारच. तुळया वर्षानुवर्षे एकाच भाराखाली राहिलेल्या असतात; चिरताना आतला ताण मोकळा होतो आणि काप मिटून पात्याला मागून धरतो. मागचे दात वर उचलत येतात, ते लाकूड उचलून थेट आपल्या पोटाकडे फेकतात. तुमचे मशीन शाफ्ट स्थिर आणि टेबल हलणारे आहे, हे इथे फार सोयीचे आहे: सांगाड्यालाच पट्टी पक्की केली की टेबल कितीही वर-खाली झाले तरी तिचे पात्याशी अंतर बदलत नाही. पात्याच्या पत्र्याची जाडी २.२ आणि दातांचा काप ३.२ मि.मी. असेल, तर पट्टी २.५ ते २.८ ची असावी. पत्र्यापेक्षा जाड, कापापेक्षा पातळ. दातांपासून ३ ते ८ मि.मी. अंतर ठेवून पात्याच्या गोलाईप्रमाणे कापून घ्यावी आणि तिचे टोक सर्वांत वरच्या दातापेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली असावे. फॅब्रिकेशनवाला तासाभरात करून देईल. १० इंचीच पाते वापरायचे ठरले, तर पट्टीही त्याच मापाची करावी.

हातमोजे घालून मशीनवर उभे राहू नये. मास्क मात्र नेहमी लावावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्येच माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा जाऊन पाहिले. टेबल खालून स्वच्छ आहे, कुठेही बद्द वाजत नाही. मोटरच्या डब्यात सहा टोके आहेत, म्हणजे व्हीएफडीचा मार्ग मोकळा आहे. स्टीलची पट्टी टेबलावर ठेवली तेव्हा मागच्या डाव्या कोपऱ्यात ०.३ मि.मी. चा फीलर जातो. पात्याच्या खाचेजवळ मात्र ०.१ सुद्धा जात नाही. हा कोपरा सोडून द्यावा का? आणि गंज कसा काढावा?

निवृत्त फिटर, सातपूर

कोपरा सोडून द्यावा. लाकडासाठी पात्याजवळचा भाग आणि गाइड सरकते ती बाजू सरळ असली की पुरे. खाचेपाशी उंचवटा असता तर मशीन घेऊ नका म्हटले असते, कारण त्यावर लाकूड डुगडुगते. पण तो फीलर घेताना टेबलाचे चारही आधार सारखे आवळलेले होते का, हे पाहावे. एखादा बोल्ट जास्त ओढला असेल तर टेबल पिळते आणि कोपरा खाली गेल्यासारखा दिसतो.

गंजासाठी रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० टाकून २२० आणि मग ४०० च्या पॉलिश पेपरने, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, एकाच दिशेने घासावे. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून टेबलावर चालवू नये, खळगे पडतात. हँडल, नट, बिजागऱ्या अशा लहान भागांना सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवून सोड्याच्या पाण्यात धुवावे आणि लगेच कोरडे करून तेल लावावे. टेबल स्वच्छ झाले की पेस्ट वॅक्स चोळावे. सिलिकॉनचे स्प्रे वापरू नयेत, ते लाकडाला लागतात आणि पुढे पॉलिश धरत नाही. जूनपासून दर महिन्याला वॅक्सचा हात फिरवावा आणि टेबलावर चादर टाकावी. प्लॅस्टिक नको, त्याखाली दव साचते.

गाइड लावताना एक दात मार्करने खुणावावा, तो समोर आणून गाइडपर्यंतचे अंतर मोजावे, मग पाते फिरवून तोच दात मागे नेऊन पुन्हा मोजावे. मागचे अंतर दहावा भाग मिलिमीटर जास्त चालेल, कमी अजिबात नको. किमतीचे म्हणाल तर गाइड, झाकण, बेअरिंग आणि व्हीएफडी यांचा खर्च विक्रेत्यासमोर मांडावा. थ्री-फेज मशीनला घरगुती गिऱ्हाईक कमी असते, त्यामुळे २२ हजारांवर तो अडून बसेल असे वाटत नाही.