ग्रेटनासारखा क्लब मराठवाड्याला परवडेल का?

गोदाकाठ (नांदेड), धागालेखक

आपल्या भागात फुटबॉलचा विषय निघाला की चर्चा फार लवकर एकाच मागणीपाशी येऊन थांबते. एखाद्या मोठ्या उद्योगपतीने पुढे यावे, व्यावसायिक संघ काढावा, बाहेरून चांगले खेळाडू आणावेत, म्हणजे बाकीचे आपोआप होईल. या मागणीला माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण सांगण्यासाठी स्कॉटलंडमधील ग्रेटना या क्लबची हकीकत येथे मांडतो.

ग्रेटना हे इंग्लंडच्या सीमेला लागून असलेले, जेमतेम पावणेतीन हजार वस्तीचे गाव. शेजारचे ग्रेटना ग्रीन इंग्लंडातून पळून येऊन लग्न करणाऱ्या जोडप्यांमुळे प्रसिद्ध आहे. फुटबॉलसाठी तिकडे कोणी वाट वाकडी करत नसे. १९४६ मध्ये स्थापन झालेला येथील क्लब दीर्घकाळ सीमेपलीकडच्या इंग्लिश स्पर्धांमध्ये खेळत होता. २००२ मध्ये एअरड्रिओनियन्स हा क्लब आर्थिक डबघाईमुळे बंद पडला, स्कॉटिश लीगमध्ये एक जागा रिकामी झाली आणि ती ग्रेटनाला मिळाली. ब्रूक्स माइलसन या धनिकाने क्लबमागे आपला पैसा उभा केला आणि त्या स्तरावर कोणी देत नव्हते असे पगार देऊन खेळाडू आणले. २००४-०५ मध्ये तिसरी, २००५-०६ मध्ये दुसरी आणि २००६-०७ मध्ये पहिली डिव्हिजन, अशी सलग तीन अजिंक्यपदे या गावाने मिळवली. त्यांपैकी पहिल्या हंगामात केनी ड्यूकर या खेळाडूने सहा हॅटट्रिक केल्या, आणि हे गृहस्थ पेशाने डॉक्टर होते. २००६ मध्ये स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यात ग्रेटनाने एडिनबरोच्या हार्ट्स या बड्या क्लबला १-१ असे रोखले आणि ते केवळ पेनल्टी शूटआउटमध्ये हरले. हार्ट्सला चॅम्पियन्स लीग या युरोपातील सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेची जागा आधीच मिळालेली असल्यामुळे यूएफा चषक या दुसऱ्या युरोपीय स्पर्धेत खेळण्याचा मान या खेड्याकडे आला.

येथपर्यंतची गोष्ट सगळे आवडीने सांगतात. पुढची अशी की पहिली डिव्हिजन जिंकून ग्रेटना स्कॉटलंडच्या सर्वोच्च प्रीमियर लीगमध्ये गेला, पण तेथील नियमाप्रमाणे मैदानात सहा हजार आसने लागत आणि गावच्या रेडेल पार्कमध्ये ती नव्हती. त्यामुळे २००७-०८ मध्ये ‘घरचे’ सामने शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या मदरवेलच्या फर पार्कवर खेळावे लागले. एका सामन्याला तर फक्त ४३१ प्रेक्षक होते, आणि प्रीमियर लीगमधला हा नीचांक ठरला. त्याच सुमारास माइलसन गंभीर आजारी पडले आणि पैसा थांबला. मार्च २००८ मध्ये क्लबवर प्रशासक आला, नियमानुसार दहा गुण कापले गेले, हंगाम संपल्यावर कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आले आणि जूनमध्ये क्लबने लीगचा राजीनामा दिला. नोव्हेंबरात माइलसन यांचेही निधन झाले.

माझे म्हणणे एवढेच की हा अस्त २००८ मध्ये सुरू झाला नाही. तिकीटविक्री, मैदान आणि गावची वस्ती यांच्याशी काडीचाही संबंध नसलेला पगारखर्च ज्या दिवशी स्वीकारला, त्या दिवशीच तो ठरला होता. आपल्याकडे क्लब काढायचा असेल, तर आधी जिल्हा लीग आणि मैदान हवे, आणि मालकाचा विचार त्यानंतर करावा.

पोलादनगरी (जालना)

गोदाकाठ सर, हकीकत आपण नेटकी मांडली आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही.

साठ वर्षे त्या गावाकडे मैदान होते, क्लब होता, नियमित सामनेही होते, आणि तरीही त्यांचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. चार वर्षे एका माणसाने पैसा ओतला आणि पावणेतीन हजारांच्या गावाने हॅम्पडन पार्कवर पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळला. पहिल्या डिव्हिजनचे अजिंक्यपद तर शेवटच्या दिवशी, रॉस काउंटीविरुद्ध भरपाईच्या वेळेत जेम्स ग्रेडीने केलेल्या गोलमुळे मिळाले. तोपर्यंत अजिंक्यपदाच्या शर्यतीतील दुसरा संघ सेंट जॉनस्टन याचे समर्थक आपणच जिंकलो असे समजून जल्लोष करत होते. हे पाहिलेल्या माणसाला तुम्ही सांगणार का, की तुमच्या पगाराचे गणित चुकले होते, म्हणून हे घडायलाच नको होते? क्लब मोडल्यावर समर्थकांनी ‘ग्रेटना २००८’ या नावाने नवा संघ उभारला, आणि तो पुढे रेडेल पार्कवरच खेळू लागला. म्हणजे मैदान राहिले, प्रेक्षक राहिले, नाव राहिले. गेला तो प्रीमियर लीगचा दर्जा, आणि तो आधी तरी कुठे होता?

दुसरे असे की मालक म्हटला की तो चार दिवसांचाच, हे गृहीतक तपासून पाहावे. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा संघ १९६२ पासून २०१० पर्यंत कंपनीच्या जिवावर चालला. आपल्याकडची किती क्रीडा मंडळे अठ्ठेचाळीस वर्षे चालली आहेत?

मांजराकाठ (लातूर)

महिंद्राचे उदाहरण भाऊंच्या बाजूने जात नाही. तो संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता आणि त्यानंतर चारच वर्षांत बंद करण्यात आला. मूळ कंपनी काही बुडालेली नव्हती. वरिष्ठ संघावरचा खर्च थांबवून शालेय फुटबॉलकडे वळायचे, असा निर्णय कार्यालयात झाला आणि संघ संपला. पंजाबच्या जेसीटीने १९९६-९७ मध्ये पहिली राष्ट्रीय लीग जिंकली होती. तो संघ २०११ मध्ये बंद झाला. पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये (राष्ट्रीय लीगचे पुढचे रूप) दुसरा आला आणि २०१५ मध्ये गुंडाळला गेला. यांतील एकालाही ग्रेटनासारखी मालकाच्या आजारपणाची गरज पडली नाही.

मात्र गोदाकाठ सरांच्या मांडणीतही एक मोठी जागा रिकामी आहे. या क्लबांच्या अस्ताला स्पर्धेची रचनाही कारणीभूत होती. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली, पुढे तीच वरची लीग ठरली आणि अनेक वर्षे आय-लीग जिंकूनही तिच्यात जाण्याचा मार्ग नव्हता. मैदानावरच्या गुणवत्तेने वर गेलेला पहिला संघ म्हणजे २०२२-२३ चा विजेता पंजाबचा संघ. ज्या शिडीला वरची पायरीच नाही, तिच्यावर चढण्यासाठी मालकाने दरवर्षी पैसा का घालावा? ग्रेटनाला निदान दार उघडे होते. आपल्याकडे मालक, प्रेक्षक आणि मैदान हे तिन्ही जमवूनही क्लब संपू शकतो, कारण चावी दुसऱ्याच कोणाच्या हाती असते.

छावणीचा पंच (छत्रपती संभाजीनगर)

मालकाशिवाय फुटबॉल पाहायचा असेल तर कोल्हापूरला जावे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस हे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्याला जी गर्दी होते, ती कित्येक व्यावसायिक संघांच्या नशिबी नसते. अनिकेत जाधव हा २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला मुलगा त्याच मातीतला. आपल्याकडे आमखास मैदान आहे, छावणीत लष्करामुळे रुजलेला खेळ आहे, नांदेडला गुरु गोबिंदसिंघजी यांच्या नावाची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा वर्षानुवर्षे भरते. म्हणजे स्पर्धा टिकवणे आपल्याला जमत नाही असे नाही. मग आधी मालक शोधण्याची घाई कशाला?

पोलादनगरी (जालना)

पंच साहेब, कोल्हापूरच्या फुटबॉलला छत्रपती घराण्याचा आश्रय होता आणि आहे, हे आपण सोयीस्कर बाजूला ठेवले. आश्रयदाता तेथेही आहेच; फक्त तो तीन वर्षांत ट्रॉफी मागत नाही. शिवाय तेथील पेठांचे संघ हौशी आहेत. आपण येथे व्यावसायिक क्लबविषयी बोलत आहोत, जेथे खेळाडूचे घर त्याच्या खेळावर चालते.

क्रीडाशिक्षिका (हिंगोली)

या शेवटच्या वाक्यावर मला बोलायचे आहे. मी शाळेत फुटबॉल शिकवते. आमची मुले-मुली सुब्रतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या जिल्हा आणि विभागीय फेऱ्यांपर्यंत मन लावून खेळतात. दहावी-बारावी झाली की मुलगा पोलीस भरतीच्या मैदानावर धावताना दिसतो आणि मुलीचा खेळ बहुधा तेथेच संपतो. त्यांना ग्रेटनाचे भवितव्य समजावून सांगण्यात मला रस नाही. विभागात एक व्यावसायिक संघ असेल आणि तो चारच वर्षे टिकणार असेल, तरी त्या काळात आमच्या पाच-सहा मुलांना करार मिळेल, प्रशिक्षक कसा असतो ते कळेल आणि पुढे दुसऱ्या संघाकडे जाता येईल. क्लब बुडाला तर खेळाडू बुडतोच असे नाही.

परंतु पोलादनगरी भाऊ, ग्रेटनाने हे केले नाही, हेही मान्य करा. त्यांचे बहुतेक खेळाडू बाहेरून आणलेले होते. गावाच्या वाट्याला प्रेक्षकाची भूमिका आली, आणि शेवटच्या हंगामात मैदानही दूर गेले तेव्हा तीसुद्धा उरली नाही. त्यामुळे मालक हवा की नको, यापेक्षा करारबद्ध खेळाडूंपैकी निम्मे आठ जिल्ह्यांतले असतील, ही अट कोण घालणार, हे मला आधी ऐकायचे आहे.

उदगीरचा उजवा बगल

ताईंच्या अटीला उत्तर ऐझॉलने दिलेले आहे. २०१६-१७ मध्ये ऐझॉल एफसीने आय-लीग जिंकली तेव्हा संघात मिझो खेळाडूंचा भरणा होता आणि प्रशिक्षक होते खालिद जमील. आदल्या हंगामात हाच संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्यातील क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्यांना परत घेतले गेले. विजेतेपदानंतर प्रशिक्षक गेले, महत्त्वाचे खेळाडूही गेले, परंतु क्लब मोडला नाही. कारण त्याच्या खाली २०१२ पासून मिझोरम प्रीमियर लीग उभी होती, स्थानिक केबल वाहिनीच्या पैशावर चालणारी, आणि सामने घराघरांत दिसत होते. खेळाडू गेले की मागून दुसरे येत होते.

गोदाकाठ (नांदेड)

ऐझॉलचे उदाहरण माझ्याच म्हणण्याला बळ देते, म्हणून आभार. लीग आधी, क्लब नंतर.

ताईंचा मुद्दा मात्र मला अडचणीत टाकणारा आहे, कारण लीग उभी राहायला दहा वर्षे लागणार असतील तर आजच्या सोळा वर्षांच्या मुलाला मी काय सांगणार? तरीही ‘चार वर्षे तर चार वर्षे’ हे मला पटत नाही. आपण सहकारी साखर कारखान्यांच्या भागात राहतो. चिमणी उभी राहिली की ऊस लावला जातो, कर्ज घेतले जाते, मुलांची शिक्षणे त्या भरवशावर ठरतात. कारखाना बंद पडल्यावर नुसता पूर्वीचा दिवस परत येत नाही, मधल्या काळातले कर्जही अंगावर राहते. क्लबच्या भरवशावर भरती आणि पदवी सोडलेल्या मुलाचे असेच होईल.

मांजराकाठ (लातूर)

मैदानाविषयी कोणीच बोलत नाही, म्हणून थोडा रूक्ष हिशेब. १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानाचे क्षेत्रफळ ७,१४० चौरस मीटर होते. हिरवळीला उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरले, तरी रोजचे सुमारे ३५ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर लागतील. २०१६ मध्ये आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते. तशा वर्षी हिरवळीवर टँकर रिकामे करणारा क्लब लोक चालू देतील का, आणि त्यांनी का चालू द्यावा? कृत्रिम हिरवळ घालावी तर मे महिन्यात दुपारी तिच्यावर पाय ठरत नाही. मैदान सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्राजवळ असेल तरच हे जमेल, आणि ते मालकाच्या नव्हे, महापालिकेच्या हातात आहे.

हिशेबनीस (परभणी)

मी करसल्लागार आहे, त्यामुळे माझी नजर वेगळ्या ठिकाणी जाते. मालकाने क्लबला दिलेला पैसा भांडवल म्हणून दिला की दरमहा गरजेप्रमाणे, यावर सगळे अवलंबून असते. दरमहा येणारा पैसा माणसाच्या तब्येतीशी आणि मर्जीशी बांधलेला असतो. म्हणून माझी सूचना अशी की खेळाडूशी करार करण्यापूर्वी संपूर्ण संघाच्या एका वर्षाच्या पगाराइतकी रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवावी आणि ती मोडण्याचा अधिकार मालकाकडे नसावा. लीगने प्रवेश देतानाच ही पावती मागावी. यामुळे क्लब अमर होणार नाही, पण हंगामाच्या मध्यावर पगार थांबणार नाहीत.

पोलादनगरी (जालना)

सूचना चांगली आहे, पण व्यवहारात पाहा. जो उद्योजक आज एका हंगामाचा पैसा घालायला कसाबसा तयार होईल, त्याच्याकडे तुम्ही पहिल्याच दिवशी दुप्पट मागत आहात. तो हात जोडून निघून जाईल आणि क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धेला बक्षिसे देईल.

हिशेबनीस (परभणी)

निघून जाऊ द्यावे. ज्याला एका वर्षाची ठेव जड वाटते, त्याच्या नावावर पंचवीस घरांचा किराणा लावण्याची जोखीम मी तरी कोणाला सुचवणार नाही.

क्रीडाशिक्षिका (हिंगोली)

ठेव सहा महिन्यांची ठेवा आणि संघ बावीस खेळाडूंचा करा, त्यांत अकरा आपल्या जिल्ह्यांतले. एवढ्यावर जालन्याचा कोणी उद्योजक बोलायला तयार असेल, तर भाऊ, त्याला येथे घेऊन या. मुलींच्या संघाचे मी त्याच बैठकीत विचारणार आहे, हेही त्याला आधीच सांगून ठेवा.