बोटीवर पोरं झोपली की आईबापानं बाथरूममध्ये बसायचं का?

जुळेसोलापूरकरीण
दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ करून आलो. थोरली साडेचार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली, सकाळी सीएसएमटी, तिथून टॅक्सीनं बॅलार्ड पिअर, म्हणजे बोटीचा धक्का. दिवसाबद्दल तक्रार नाही. थोरली पाण्यात, धाकटा काठावर बादली घेऊन (डायपरमधल्या बाळाला बोटीच्या पूलमध्ये सोडत नाहीत, हे तिथं गेल्यावर कळलं). तक्रार आहे ती रात्रीची.

दुसऱ्या दिवशी धाकट्यानं आठलाच डोळे चोळायला सुरुवात केली. वरणभात भरवला, खोलीत आणून झोपवला, पाठोपाठ थोरलीही झोपली. आमची खोली आतल्या बाजूची, खिडकी नाही. दिवा घालवला की विहिरीत उतरल्यासारखा अंधार. वरच्या डेकवर ऑर्केस्ट्रा चाललेला, त्याचा ढबढब आवाज छतातून येतोय आणि आम्ही दोघं बाथरूममध्ये. हे कमोडचं झाकण लावून त्यावर, मी उंबऱ्यावर, दार चार बोटं उघडं. भूक लागली म्हणून पाकीटबंद नेलेली कडक भाकरी आणि शेंगा चटणी काढली. कडक भाकरी मोडायची म्हणजे आवाज होणारच. ह्यांनी ती बोटीच्या टॉवेलात गुंडाळली आणि मांडीवर दाबून मोडली. तरी धाकटा उठलाच.

तर माझं म्हणणं सरळ आहे. एवढे पैसे घालून गेल्यावर रोज रात्रीचे दीड-दोन तास नवराबायकोचे स्वतःचे हवेत. त्यासाठी पोरांना बोटीवरच्या किड्स क्लबमध्ये (बोटीची माणसं पोरांना खेळवत सांभाळतात तिथं) ठेवलं तर त्यात पाप नाही. पुढच्या वेळी बोट निवडताना मी आधी हेच बघणार. घरी हे बोलले तर सासूबाई गप्प झाल्या आणि नणंद म्हणाली, "मग पोरं नेली कशाला?" आता तुम्ही सांगा.

विजापूर रोडचे काका
ताई, राग मानू नका, पण तुमच्या नणंदेशी मी सहमत आहे. साडेआठला झोपवायचं हे आपल्याकडं कधीपासून आलं? उन्हाळ्यात सोलापुरात अकराच्या आत कुणाच्या घरी दिवा मालवतो? भिंती तापलेल्या, सगळं घर गच्चीवर. माझी दोन्ही पोरं सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, माझ्या खांद्यावर झोपलेली आहेत. एकीकडं आकाशपाळणा, दुसरीकडं पिपाण्या, समोर भाग्यश्री बटाटेवड्याची कढई उकळतेय, पोरगं ढिम्म. पोराला आपल्या चालीनं चालवावं. प्रॅममध्ये घालायचं, ऑर्केस्ट्रा ऐकायला न्यायचं, झोपलं तर झोपलं. दुपारी चारला झोपवलं तर रात्री दहापर्यंत टवटवीत राहतं. क्लब कशाला हवा?

दोन नंबरची सून
काका, खांद्यावर तुम्ही घेतलंत हे मान्य. दुसऱ्या दिवशीची किरकिर कुणी काढली, ते काकूंना विचारून इथं लिहाल का?

विजापूर रोडचे काका
विचारलं. उत्तर इथं लिहिण्यासारखं नाही.

टॉवेलवाला, एमआयडीसी
ह्या धाग्यावर लोक "किड्स क्लब" असं म्हणतायत जणू सगळीकडं एकच नियम आहे. आम्ही सिंगापूरहून एकदा जाऊन आलो, आता परत जायचं म्हणून बरंच वाचलंय, म्हणून सांगतो. रॉयल कॅरिबियनच्या बोटीवर अ‍ॅडव्हेंचर ओशन नावाचा क्लब असतो. तिथं तीन वर्षं पूर्ण लागतात आणि डायपर सुटलेला लागतो. रात्री दहापर्यंत तिकिटातच, दहानंतर तासावर पैसे. म्हणजे तुमची थोरली जाईल, धाकटा नाही. डिस्नेच्या बोटींवर तीनच्या आतल्यांसाठी वेगळं पाळणाघर आहे, ते तासावर आणि आधी नाव घालून. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसच्या कुटुंबांसाठीच्या बोटींवर तर नाईट नर्सरीच आहे. सहा महिने ते चार वर्षांचं पोर संध्याकाळी तिथल्या खाटेवर झोपवायचं, रात्री येताना उचलून न्यायचं, वेगळे पैसे नाहीत. फक्त त्या बोटी बहुतेक साउथॅम्प्टनहून सुटतात, जुळे सोलापूरहून नव्हे.

माझं मत विचाराल तर खिडकी नसलेली खोली घेतलीत तिथंच गणित चुकलं. बाल्कनीची घ्या. पोरं आत, तुम्ही दोघं काचेच्या पलीकडं, समोर समुद्र. महाग पडते, पण तो फरक म्हणजे तुमच्या दोघांच्या बसण्याच्या जागेचं भाडं समजा. दिवसा मात्र त्या दाराची वरची कडी लावूनच ठेवा, आणि बाल्कनीत खुर्ची कठड्याला लागून ठेवू नका. पोरं चढतात.

जाता जाता: कडक भाकरी ज्या टॉवेलात मोडली तो साधारण किती जीएसएमचा (चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे किती जाड) होता? धंद्याचा प्रश्न आहे.

अशोक चौक
टॉवेलशेठ, तुमच्या माहितीत एक गोष्ट राहिली. भाषा. आमची मुलगी घरी तेलुगू बोलते, बालवाडीत मराठी. तिला परदेशी बोटीच्या क्लबमध्ये ठेवलं. तिथल्या मुली फार गोड होत्या, पण सगळं इंग्रजीत. पोरीला लघवीला जायचं होतं, तिनं आपल्या भाषेत तीनदा सांगितलं, त्यांना वाटलं गाणं म्हणतेय. चाळीस मिनिटांत आम्हाला बोलावणं आलं. चड्डी ओली, डोळे सुजलेले. परत म्हणून ठेवलं नाही. ज्या पोराला "मला शू लागलीय" हे समोरच्याला कळेल असं सांगता येत नाही, त्याला सोडून आपण नाचगाणं बघायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. ताईंची थोरली इंग्रजी शाळेत असेल तर गोष्ट वेगळी.

जुळेसोलापूरकरीण
मराठी शाळेतच आहे. हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. पण चार-पाच शब्द आधी शिकवता येतील की. टॉयलेट, वॉटर, मम्मी. एवढं तर घराघरात बोलतात.

नवी पेठ
मी जरा वेगळं लिहितो, शिव्या पडतील. आमचं पोरगं तीन वर्षांचं. ते गाढ झोपल्यावर एक फोन खोलीत व्हिडिओ कॉल लावून ठेवला, दुसरा आमच्याकडं. वाय-फायचे पैसे भरलेलेच होते. वीस-पंचवीस मिनिटं दोन मजले वर जाऊन कॉफी प्यायलो. पोरगं स्क्रीनवर दिसत होतं. काही झालं नाही.

दोन नंबरची सून
"काही झालं नाही" हे काही कारण आहे का? 2007 साली पोर्तुगालमधल्या एका रिसॉर्टवर ब्रिटिश आईबाप झोपलेल्या मुलांना खोलीत ठेवून जवळच्याच हॉटेलात जेवत होते. अधूनमधून उठून बघूनही येत होते. चार वर्षंही पूर्ण न झालेली त्यांची मुलगी गेली ती गेलीच, अजून पत्ता नाही.

नवी पेठ
ते जमिनीवर. समुद्रात मध्यरात्री पोराला कोण कुठं घेऊन जाणार?

बोटीवरचा
दादा, थांबा. मी सोलापूरचाच, आठ वर्षं परदेशी बोटींवर खोल्या आवरायचं काम करतो. सुट्टीवर आलोय म्हणून हे वाचतोय. पळवून नेण्याचं सोडून द्या. बोटीला भीती आगीची आणि धुराची. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं असतं. लिफ्ट वापरायची नाही. शेकडो माणसं जिन्यानं एका दिशेला निघालेली असतात आणि तुम्ही त्यांच्या उलट दिशेनं तुमच्या खोलीकडं. क्लबमधल्या पोराच्या मनगटावर पट्टा असतो, त्यावर त्याची जमायची जागा लिहिलेली असते, तिथले लोक त्याला घेऊन येतात. खोलीत एकटं झोपलेल्या पोराजवळ त्या क्षणी कुणीच नसतं. वाय-फायही मधेच जातं, भिंती लोखंडाच्या. घरातला बेबी मॉनिटर तर दोन खोल्यांपलीकडं मान टाकतो. परत असं करू नका.

आता ताईंच्या प्रश्नाबद्दल. नऊनंतर मी पॅसेजमधून ट्रॉली नेतो तेव्हा काय दिसतं सांगू? प्रत्येक चार-पाच दारांनंतर एक बाप किंवा आई जमिनीवर, गालिच्यावर पाय पसरून, पाठ दाराला टेकलेली, चपला बाजूला, हातात ग्लास. आत पोर झोपलेलं. तिसऱ्या रात्रीपर्यंत समोरासमोरच्या दारांतली माणसं गप्पा मारायला लागतात. एका जोडप्यानं मला ट्रॉली तिथंच थांबवून बुद्धिबळाचा पट ठेवायला मागितला होता, आणि नियमात बसत नसतानाही मी दहा मिनिटं दिली. कंपनी ह्याची जाहिरात करणार नाही, पण बाथरूमपेक्षा पॅसेज कधीही बरा.

काकांच्या प्रॅमबद्दल: थिएटरच्या वाटेत प्रॅम लावू देत नाहीत, बाहेर ठेवायला लावतात. मग पोर हातावर. आणि स्पीकर गड्ड्यातल्यासारखे मोकळ्यावर नसतात, बंद खोलीत असतात.

लोक मला विचारतात, पोरगी घरी ठेवून तुला करमतं का? आठ महिन्यांचा करार असतो. नाही करमत. पण ती माझी गोष्ट आहे, ताईंच्या दीड तासाशी तिचा संबंध लावू नका.

(टॉवेलशेठ, आम्ही खोलीत टॉवेलांच्या घड्या घालून हत्ती करून ठेवतो, त्याला अंगाचा एक मोठा टॉवेल आणि हाताचा एक छोटा लागतो. मोठ्याचे चार पाय, छोट्याचं डोकं आणि सोंड. पातळ माल असला की हत्ती बसकण मारतो.)

टॉवेलवाला, एमआयडीसी
हे ऐकून फार बरं वाटलं. आमचा बसणार नाही.

नवी पेठ
भोंग्याचं डोक्यात नव्हतं. चुकलंच.

शाळामास्तर
सगळेजण संध्याकाळच का धरून बसलात? गोव्याला बोट लागते त्या दिवशी निम्म्याहून जास्त लोक उतरून जातात. तुम्ही उतरू नका. गोवा काय, सोलापूरहून गाडी काढून कधीही बघता येतो. त्या दुपारी डेकवर खुर्च्या रिकाम्या, पूल रिकामा, जेवायला रांग नाही. धाकटा दीड वाजता झोपला की एकजण त्याच्याजवळ, दुसरा थोरलीला घेऊन वर, तासानं अदलाबदल. आम्ही हेच केलं आणि रात्री चौघं साडेनऊला गपगार.

जुळेसोलापूरकरीण
सर, कल्पना चांगली आहे, पण त्यात आम्ही दोघं एकत्र कुठं आलो? एकजण खाली, एकजण वर. असं तर आम्ही घरीही राहतो. ह्यांची पाळी, माझी बँक, मधे पोरं. मला निवांतपणा नकोय, मला ह्यांच्याशी सलग एक तास बोलायचं होतं. बाथरूममध्येही बोललोच, पण कुजबुजत.

पूर्व भागातली लेक
वाचून आधी हसू आलं. श्रीमंतांचे प्रश्न, म्हटलं. माझी आई विड्या वळायची. आम्ही तिघं भावंडं तिच्या मांडीजवळ, तेंदूपत्त्याच्या वासात वाढलो. सूप मांडीवर, तंबाखू बोटांत, आणि तोंडानं आमचा पाढा घेणं चालू. तिला कुठला आलाय क्लब?

मग आठवलं. विड्या कारखान्यात देऊन संध्याकाळी ती परत आली की दाराच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसायची. शेजारच्या मावशी त्यांच्या पायरीवर. दोघी काही फार बोलायच्याही नाहीत. त्या दहा मिनिटांत आमच्यापैकी कुणी जवळ गेलं, की पाठीत धपाटा. कप खाली ठेवला की मग ती परत आमची. आम्ही तिला कधी वाईट आई म्हटलं नाही. उलट कप खाली ठेवल्याचा आवाज कधी येतो, याच्याकडं आमचे कान असायचे.

ताई, तुम्ही क्लबमध्ये ठेवा नाहीतर पॅसेजमध्ये बसा. नणंदेला माझ्या आईकडं पाठवा.

विजापूर रोडचे काका
हे मात्र खरं. तरीही माझा मुद्दा तसाच आहे. आजीआजोबांना घेऊन जा. क्लबपेक्षा आपलं माणूस बरं, भाषेचाही प्रश्न मिटला. आणि गच्चीवर आमच्याकडंही पोरांना आजीच सांभाळायची, हे मी आधी लिहायला हवं होतं.

दोन नंबरची सून
आजीचं तिकीट कुणी काढायचं आणि आजीची सुट्टी कुठली, हे कुणी विचारलं का? की ती फुकटची नाईट नर्सरी?

जुळेसोलापूरकरीण
आज दुपारी सासूबाईंना हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. धपाट्याला हसल्या, भोंग्याला गंभीर झाल्या. मग म्हणाल्या, "मी येते. पण चार रात्री असतील तर दोन माझ्या. मला तो ऑर्केस्ट्रा पहिल्या रांगेत बसून ऐकायचाय. तेव्हा तुमच्यापैकी एकानं खोलीत बसायचं." हे लगेच म्हणाले, "मी बसतो." तारीख घालून लिहून घेतलंय.

म्हणजे उरलेल्या दोन रात्री आमच्या. बाल्कनीच्या खोलीची चौकशी केली, आकडा ऐकून फोन ठेवला. पॅसेजचा गालिचा चालेल.

टॉवेलवाला, एमआयडीसी
वहिनी, जीएसएमचं राहिलंच.

जुळेसोलापूरकरीण
भाऊ, पातळ होता. म्हणून तर आवाज झाला.