मदत हवी आहे: वैद्यकीय शब्दांतली सारखी दिसणारी मुळं कशी पाठ करायची?

ऑनलाइन कोर्सच्या मेडिकल टर्मिनॉलॉजीत अडकायला झालंय. शब्द फोडणं जमतं: आधी शेवटचा प्रत्यय, मग मूळ. 'गॅस्ट्रायटिस'मध्ये 'आयटिस' म्हणजे दाह, 'गॅस्ट्र' म्हणजे जठर. प्रत्यय स्वरानं सुरू होतो म्हणून जोडणारा 'ओ' गळतो. 'गॅस्ट्रोस्कोपी'त तो राहतो. दोन मुळांच्या मध्ये मात्र पुढे स्वर आला तरी टिकतो, जसं 'गॅस्ट्रोएंटरायटिस'.

गाडं अडतं ते 'मायलो'पाशी. 'ऑस्टिओमायलायटिस'मध्ये त्याचा अर्थ अस्थिमज्जा, 'पोलिओमायलायटिस'मध्ये मज्जारज्जू. नुसती फोड करून हे कळणार कसं? त्यात 'मायो' म्हणजे स्नायू, तो आणखी वेगळा.

दुसरं, 'इलियम'. लहान आतड्याचा शेवटचा भागही इलियम आणि कमरेचं हाडही इलियम. उच्चार एकच, स्पेलिंगमध्ये फरक एका अक्षराचा: आतड्याला मधे 'ई', हाडाला 'आय'. ऐकून लिहायच्या प्रश्नात हमखास चूक होते.

फ्लॅशकार्डवर नुसतं मूळ लिहावं की पूर्ण शब्द? मला पूर्ण शब्द बरा वाटतो, कारण अर्थ शेजारच्या मुळावरून ठरतो. पण मग कार्डं फार वाढतात. रोज नवी किती घ्यावीत, आणि जुन्यांची उजळणी किती दिवसांनी? ज्यांनी हा विषय शिकवलाय किंवा पूर्ण केलाय त्यांनी कृपया सांगा.